दुकान मे महिन्यात उघडणार

लूननबर्ग, नोव्हा स्कोशिया, कॅनडा
मार्चचा पहिला आठवडा

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

आप्पा, तुमचं पत्र परवा मिळालं. अक्षर भाच्याचं असलं तरी "चार-चार महिने दुकानाला कुलूप घालून बसायला तू कोण जहागीरदारीण लागून गेलीस?" हे वाक्य त्याचं नव्हे, हे लगेच कळलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आईला मी जेवले का यापलीकडं काही ऐकायचं नसतं आणि दादा मधेच "बरं, ठेवू का मग" म्हणतो. तेव्हा सगळं एकदा लिहूनच पाठवते. भाच्याला म्हणावं, मोठ्यानं वाच आणि मधलं गाळू नकोस.

आधी व्यवहाराचं. हे गाव लहान, बंदराचं. १७५३ साली इंग्रजांनी वसवलं, तेही जर्मनी आणि स्वित्झर्लंडकडची माणसं आणून. आखीव रस्ते, रंगीत लाकडी घरं तशीच्या तशी राहिली म्हणून १९९५ मध्ये युनेस्कोनं जुन्या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. माझं दुकान त्या यादीवर चालतं म्हटलं तरी खोटं नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बसा भरून माणसं येतात, धक्क्यावरची शिडाची जहाजं बघतात, फोटो काढतात आणि भूक लागली की माझ्या दारात रांग लावतात. दालचिनीचे रोल, ओटकेक, ब्राऊन ब्रेड आणि आईची नानकटाई. तिला इथं सगळे 'वेलदोड्याचं बिस्किट' म्हणतात आणि तीच सगळ्यात आधी संपते. त्या दिवसांत मी पहाटे तीनला भट्टी लावते आणि संध्याकाळी सातला झोपते. लेक म्हणते, उन्हाळ्यात आई असून नसल्यासारखी.

पानं लाल होऊन गळली की बसा बंद. मग उरतात गावातली माणसं आणि मासेमार. आमच्या किनाऱ्यावर लॉबस्टरचा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि ३१ मेपर्यंत चालतो. पहिल्या दिवशी पहाटे बोटी पिंजऱ्यांनी इतक्या लादलेल्या असतात की आतला माणूस दिसत नाही. त्या आठवड्यात बोटींसाठी ब्राऊन ब्रेडच्या मोठ्या ऑर्डरी असतात. या ब्रेडमध्ये मळी घालतात. होय आप्पा, मळीच, साखर काढून झाल्यावर उरते ती. आपल्याकडं ती डिस्टिलरीत नाहीतर जनावरांच्या खाद्यात जाते, इथं बरणीत भरून किराणा दुकानात विकतात. जुन्या काळी इथला खारवलेला मासा वेस्ट इंडीजला जायचा आणि तिकडून बदल्यात मळी आणि रम यायची. तेव्हापासून ती इथल्या ब्रेडमध्ये आहे. तुम्ही तोंड वाकडं केलंत ते मला इथून दिसलं, पण तूप लावून गरम खाल्लात तर दुसरा तुकडा मागाल.

नाताळच्या ऑर्डरी संपल्या की मी दारावर पाटी लावते, 'दुकान मे महिन्यात उघडणार'. जानेवारीत उघडं ठेवलं तर गिऱ्हाईकं बोटांवर मोजण्याइतकी, आणि हिटरचं तेल जळायचं ते जळतंच. वादळ आलं की दोन-दोन दिवस रस्ता नाही आणि कधी वीजही नाही. म्हणून फक्त शनिवारी, आधी सांगून ठेवलेले ब्रेड तेवढे मागच्या दारानं देते. त्यात पिठाचा खर्च निघतो आणि हाताची सवय मोडत नाही. बाकी कमाई उन्हाळ्यातली, ती आम्ही वर्षभर पुरवतो. ह्यांची नोकरी आहेच. कुणाचं देणं नाही. आता तरी तुमच्या जिवाला स्वस्थता वाटू दे.

आणि हे तुम्ही विचारावं, याचंच मला जास्त हसू आलं. उन्हाळा लागला की गुऱ्हाळं थंडावायची, पावसाळ्यात मार्केट यार्डात गुळाची आवक नसायची आणि अडत दुकानाच्या गादीवर तुम्ही जुन्या हिशेबपट्ट्यांचे कागद लावत बसायचात. ते चारपर्यंत. चारनंतर तुम्ही माडीवर, कबुतरांपाशी. कुणाला बाजरी जास्त लागते, कुणाचा पंख दुखावलाय, कुठलं कबूतर पंचगंगेपल्याडनं सोडलं तरी कितव्या मिनिटाला परत येतं, हे तुम्हाला पाठ. आमची यत्ता मात्र दरवेळी विचारावी लागायची. आज्जी ओरडायची की या पाखरांनी घर धुऊन खाल्लं. तुम्ही त्यातलं एक कबूतर विकलेलं मला आठवत नाही, आणि मागायला माणसं बुधवार पेठेतून यायची. तुमची मंदी आषाढात यायची, माझी पौषात येते. तुमच्याच घरची मी.

तर आता कुलूप लावून मी काय करते ते.

पहिले काही आठवडे बसायला मिळतच नाही. मिक्सर उघडून ग्रीस बदलायचं, भट्टीच्या दाराचं सील बदलायचं, फडताळं धुवायची, भिंतीला रंग, वर्षाचा हिशेब आणि कराचे कागद. हे तुम्हाला सांगण्यासारखं नाही. हिशेबाच्या वहीत तुम्ही शिकवलेली जमा-नावेची रेघ अजून मारते, एवढंच.

आई, तुला व्हिडिओ पाठवला त्यावर तू म्हणालीस, "बर्फावर झाडू मारायला सातासमुद्रापलीकडं गेलीस व्हय? हितं कधी केर काढला नाहीस." अगं, तो खेळ आहे. कर्लिंग म्हणतात. पंचेचाळीस मीटर लांबीची बर्फाची पट्टी, दोन्ही टोकांना रंगीत वर्तुळं. वीस किलोच्या आसपास वजनाचा ग्रॅनाइटचा गोल दगड, वरती मूठ. गुडघ्यात वाकून, घसरत जाऊन तो सोडायचा आणि समोरच्या वर्तुळाच्या मध्यावर नेऊन थांबवायचा. हा खेळ स्कॉटलंडचा. दगडाचा ग्रॅनाइटही तिथल्याच आयल्सा क्रेग नावाच्या छोट्याशा बेटावरचा नावाजलेला. बर्फ आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण खेळाआधी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून मुद्दाम खरबरीत करतात. तो दाणा नसला तर दगड अर्ध्यात रुतून बसतो. आणि तू पाहिलास तो झाडू म्हणजे दगडाच्या पुढं पळत बर्फ जोरात घासायचा. घासल्यानं बर्फ जरासा तापतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कुठं घासायचं आणि कुठं हात आखडायचा, हे पलीकडच्या टोकाला उभी असलेली आमची कप्तान ओरडून सांगते. खासबागेत कुस्ती बघताना आप्पा ओरडायचे ना, "टांग मार, टांग मार", अगदी तशी.

आमच्या चौघींत एक लॉबस्टरच्या बोटवाल्याची बायको, एक नर्स, एक ग्रंथालयातली आणि मी. मी पहिले दोन दगड टाकते आणि उरलेला सगळा वेळ झाडू. बाकीच्यांचे खांदे दुसऱ्या दिवशी धरतात, माझे धरत नाहीत, कारण कणीक मळून मळून ते आधीच तयार आहेत. क्लबातल्या सामन्यांना पंच नसतो. दगडाला चुकून झाडू लागला तर लावणाऱ्यानंच सांगायचं. आणि सामना संपला की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना काहीतरी पाजायचं. आम्ही बऱ्याचदा फुकटच पितो.

मंगळवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या बायका जमतात आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या फाडून, आकड्यानं गोणपाटात ओढून चटया करतात. मीही जाते. हात बरा आहे म्हणतात. माझ्या चटईवर रंकाळा काढतेय, अजून तरी तो डबकंच दिसतोय.

पण खरं वेड यंदा लागलंय ते गव्हाचं. उन्हाळ्यात पीठ म्हणजे माझ्या लेखी पोतं. पांढरं, रोज सारखं वागणारं. तसं वागलंच पाहिजे, नाहीतर सकाळी सातला रोल तयार होणार नाहीत. थंडीत मला न वागणाऱ्या पिठाजवळ बसायला सवड असते. शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या एका गिरणीतून जात्यावर दळलेलं रेड फाइफ गव्हाचं पीठ आणलं. त्याची कूळकथा ग्रंथालयातल्या आमच्या झाडूवालीनं पुस्तकं काढून दिली तेव्हा वाचली, आणि मग दोन रात्री झोप नाही. १८४२ च्या सुमारास ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड फाइफ नावाच्या शेतकऱ्यानं हा गहू पहिल्यांदा घेतला. ब्रेडला अव्वल. पुढं कितीतरी वर्षं कॅनडाच्या मैदानांवर तोच पिकत होता. त्याची खोड एकच, पिकायला वेळ लावायचा. इथला उन्हाळा तोकडा. कापणीच्या आधी गारठ्याची एक रात्र पडली की दाणा गेला. म्हणून सरकारी शेतीकेंद्राच्या लोकांनी त्याचा संकर केला, आणि तो कुणाशी? हार्ड रेड कलकत्ता नावाच्या गव्हाशी. आपल्या देशातून आलेला, लवकर पिकणारा गहू. त्यातून मार्क्विस निघाला. रेड फाइफपेक्षा आठवडाभर आधी तयार होणारा, आणि ब्रेडलाही तितकाच चांगला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तो बाहेर आला आणि बघता बघता त्यानं मैदानंच्या मैदानं भरून टाकली. गव्हाचं कोठार म्हणून कॅनडाचं जगात नाव झालं, त्यात निम्मं रक्त आपल्याकडचं. हे मी कर्लिंगच्या क्लबात सांगितलं तेव्हा बोटवाल्याची बायको म्हणाली, मग तू इथं पाहुणी कशी?

हे वाण निवडणाऱ्याचं नाव चार्ल्स सॉन्डर्स. त्याची रीत ऐक आई. मूठभर दाण्यांचा ब्रेड काही करता येत नाही, म्हणून तो दाणे तोंडात टाकून चावत बसायचा. चावून चावून जो चिकट गोळा राहतो तो जितका चिवट, तितका ब्रेड चांगला फुगणार. आत्तीच्या मळ्यात ओंब्या चोळून, गहू चावून आम्ही पोरं चिंगम करायचो ते हेच. सॉन्डर्सला त्याबद्दल १९३४ मध्ये 'सर' केलं. आम्हाला धपाटे मिळाले.

दुसरं पीठ खपलीचं. हॅलिफॅक्सला इंडियन दुकानात पाकीट दिसलं आणि उचललं. खपलीचं ग्लूटेन कमजोर, फुगा धरून ठेवत नाही, हे मला माहीत होतं. हातावर घडवून भट्टीत सोडला तर भाकरीसारखा पसरतो. म्हणून पाणी जास्त घालून सैल भिजवते, रात्रभर खमिरावर गार जागी ठेवते आणि साच्यात ओतूनच भाजते. ब्रेड बसका होतो, पण कापला की घरभर गव्हाच्या खिरीचा वास सुटतो. त्यावर तूप, वर किंचित मीठ. ह्यांनी पहिल्या दिवशी त्याला वीट म्हटलं, दुसऱ्या दिवशी डब्यात नेला.

आणि एक उद्योग निव्वळ हट्टाचा. इथं येणाऱ्या मराठी माणसांना मिसळ म्हटली की पावच दिसतो. मी प्रत्येकाला सांगते की कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेड देतात, जाड कापलेला, आणि तो कटात बुडवला तरी तुटून तळाला जात नाही. मग वाटलं, आपण बेकरीवाल्या, तो ब्रेड आपल्याला येऊ नये? त्यात ना लोणी, ना दूध, ना काही. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर. सगळी गंमत कालच्या ब्रेडमध्ये आहे. ताजा ब्रेड कट पितो आणि लगदा होतो. एक दिवस शिळा झाला की त्याचा गाभा घट्ट बसतो, मग तो रस ओढूनही उभा राहतो. आपल्याकडच्या मिसळवाल्यांना हे कुणी शिकवलं नसेल, पण ठाऊक आहे. क्लबात सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा दिवस होता तेव्हा मी मटकीची मिसळ आणि हा ब्रेड नेला. कट वेगळ्या भांड्यात ठेवला, वर चिठ्ठी लावली, 'आधी एक चमचा घ्या'. बोटीवरच्या माणसांनी चिठ्ठी वाचली नाही. त्यातल्या दोघांनी डोळे पुसत दुसऱ्यांदा वाटी भरून नेली. आई, तुझ्या चटणीची बरणी त्या दिवशी संपली.

आता आप्पा, हे खास तुमच्यासाठी. मी यंदा गुऱ्हाळावर जाते.

गावापासून तासाभरावर, समुद्र सोडून आत, आमच्या शनिवारच्या गिऱ्हाइकांपैकी एका म्हाताऱ्या जोडप्याचं मेपलचं रान आहे. फेब्रुवारी संपता संपता रस सुटला. त्याला रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर अशी हवा लागते. दोन्हीकडं गारठा राहिला तर थेंब नाही, दोन्हीकडं ऊब आली तर हंगाम संपला. बुंध्याला बोटभर खोल भोक पाडायचं, त्यात नळी ठोकायची, नळीला बादली. बुंधा फूटभर जाडीचा झाल्याशिवाय झाडाला हात लावत नाहीत, आणि तेवढं व्हायला चाळीसेक वर्षं जातात. म्हणजे म्हाताऱ्यानं लावलेल्या झाडाचा रस त्याची नातवंडं काढणार. ऊस लावून वर्षा-दीड वर्षात तोडणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगून पटायचं नाही.

बादलीतला रस दिसायला पाणी, चवीलाही जवळजवळ पाणीच. जिभेच्या टोकाला गोडाचा नुसता संशय येतो. साखर दोन टक्क्यांच्या आसपास. तुमच्या उसाच्या रसाशी तुलना नको. आपल्याकडं शंभर किलो उसाचा दहा-अकरा किलो गूळ पडतो, इथं चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप. सगळा खेळ जळणाचा.

झोपडीत चुलवाण आहे. चिपाडाऐवजी लाकडं. काहिलीऐवजी सपाट, लांबट स्टीलची कढई, तिला आत आडवे कप्पे. रस एका टोकाला पातळ पडतो आणि कप्प्याकप्प्यातून सरकत दुसऱ्या टोकाला घट्ट होऊन पोचतो, त्यामुळं काम अखंड चालतं, आपल्यासारखी एकेक काहील उतरवावी लागत नाही. छपराला मधोमध झापडं आहेत, ती उघडली की वाफ सरळ वर जाते. माझ्याकडं चुलीचं काम आहे. लाकूड घालायचं आणि आच पडू द्यायची नाही. भट्टी सांभाळणारी बाई आहे म्हणून ते माझ्यावर विसंबले, यंत्राशी माझं जमणार नाही हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे.

पहिल्याच दिवशी फेस भरभर वर आला. मी लाकूड ओढायला धावले, तर म्हातारीनं शांतपणे लोण्याचा एवढासा खडा टाकला आणि फेस बसला. तुमच्याबरोबर गुऱ्हाळावर गेले होते तेव्हा तो गुळव्या काहिलीवर तेलाचा शिंतोडा मारायचा, ते एकदम समोर उभं राहिलं. मी तिला सगळं सांगत बसले. रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मग रसातला मळ वर येतो, तो झाऱ्यानं काढतात. काहील उतरवून वाफ्यात ओततात, मग गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरतात. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठी आणि आमच्या घरात चूल पेटायची तीही त्याच गुळावर. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला तुम्ही नवा सदरा घालायचात, हेसुद्धा सांगितलं. तिला भेंडीचं फारच नवल वाटलं. इथं रस साफ करायला त्यात काही घालत नाहीत. शेवटी घट्ट सिरपच्या तळाशी रेतीसारखा गाळ धरतो, तो लोकरीच्या जाड कापडातून गाळून टाकतात.

उतरवायची वेळ ओळखणं इथंही सगळ्यात अवघड. म्हातारा थर्मामीटर बघतो. पाणी उकळतं त्याच्यावर साधारण चार अंश गेलं की झालं. म्हातारी उलथनं बुडवून उजेडात धरते. कडेवरून थेंब सुटे सुटे पडेनासे झाले, एकमेकांना धरून एकदम सुटले, की हात वर करते. तुमचा गुळव्या गार पाण्यात टाकून गोळी बघतो. गुळाला एकशे अठरा अंशांपर्यंत चढावं लागतं, यांचं काम काकवीच्या आसपासच थांबतं. तरी डोळा तोच लागतो. परवा मी "झालं" म्हटलं आणि थर्मामीटरनं मग होकार दिला. म्हाताऱ्यानं टोपी काढली. हे मी फुशारकीनं लिहितेय, वाचताना आवाज चढव म्हणावं.

हे काम गोरी माणसं इथं यायच्या आधीपासून मिगमॉ लोक करत आले आहेत, ते इथले मूळचे. आता सिरपची प्रतवारी रंगावर होते. सोनेरी, अंबर, गडद, अतिगडद. हंगामाच्या सुरुवातीचा माल फिका, शेवटचा काळसर. पूर्वी फिका तेवढा वरच्या दर्जाचा धरायचे. आपल्या सौद्यातही तेच नाही का, पिवळाधमक रवा दिसला की बोली चढते, म्हणून तर काही जण हायड्रोस नावाचं रसायन मारून रंग काढतात. माझं मत विचाराल तर ब्रेडला काळसरच हवा. फिक्याचा नाजूक वास भट्टीत उडून जातो, काळ्याची चव मागं राहते. तुम्ही घरासाठी नेहमी काळपट गूळ वेगळा काढायचात, तेव्हा आई कुरकुरायची. तुमचंच बरोबर होतं.

काम संपलं की म्हातारी बाहेर ताज्या बर्फावर उकळतं सिरप ओतते. ते क्षणात चिवट होतं, काडीला गुंडाळून खायचं. मी खिशातून भाजलेले शेंगदाणे काढले. गुऱ्हाळावर शेंगदाण्याशिवाय कसं जाणार? दोघांनी खाऊन बघितले आणि आता दर खेपेला ते आधी माझ्या खिशाकडं बघतात.

हे ऐकून दादा काय म्हणणार ते माहीत आहे. खपलीच्या ब्रेडचा फोटो बघून तो म्हणालाच होता, "लेबल लाव, ऑनलाइन विक, थंडीतही पैसा." आता शेंगदाण्याचंही म्हणेल. दादा, तुझा हिशेब चुकीचा नाही, पण मी विकणार नाही. उन्हाळ्यात कुठलंही पीठ हातात घेतलं की आधी किंमत सुचते. लोणी किती गेलं, वेळ किती गेला, चार डॉलरला परवडतं का. थंडीत ती सुचत नाही, आणि मला तेवढेच महिने मिळतात. खपलीला एकदा पाटीवर चढवलं की तिलाही रोज सारखं वागायला सांगावं लागेल. शिवाय ते सिरप माझं नाहीच. लाकडं घालायच्या मोबदल्यात चार बाटल्या मिळतात. त्यातली एक तुमच्यासाठी ठेवलीय.

ती यायची कशी, तर मेमध्ये ह्यांच्या ऑफिसातल्या मुलीचे आईवडील इचलकरंजीहून येणार आहेत, ते परत जाताना नेतील. येताना त्यांच्याबरोबर चटणी द्या. आई, कुटायचे दिवस आलेच आहेत. यंदा ब्याडगी थोडी जास्त घाल, संकेश्वरी कमी, क्लबातली माणसंही खाणार आहेत. वहिनींनी मागितलेला चटईचा नमुना कागदावर काढून वेगळा पाठवतेय. भाच्याला म्हणावं, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल सामन्यांचे निकाल मला पाठवत जा, नुसते गोल नकोत, कुणी मारले तेही लिही. शाहू स्टेडियमवर जातोस तर अभ्यासाचंही बघ, हे मी आत्याच्या नात्यानं लिहायलाच पाहिजे म्हणून लिहिते.

या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढं होतात. त्यामुळं साडेनऊ तासांचा फरक साडेआठवर येईल. तुमच्या संध्याकाळी सातला फोन केलात तर इथं सकाळचे साडेदहा असतील, तेव्हा मी घरी असते. शनिवारी नको. शनिवारी सकाळी ब्रेड असतात आणि दुपारी रान.

आप्पा, एक नक्की विचारून कळवा. भेंडीचा रस काहिलीत नेमका कधी घालतात, रस कोमट असताना की पहिली उकळी आल्यावर? आणि झाड ठेचून रात्रभर भिजत घालतात की आयत्या वेळी? तुमच्या ओळखीचा एखादा गुळव्या अजून असेलच. म्हातारीनं वहीत लिहून ठेवायला जागा सोडलीय आणि तिला ते हंगाम संपायच्या आत हवंय.

तुमची,
धाकटी